बेट्टा माशाची शेपटी झिजत चाललीये, पाणी तर दर तीन दिवसांनी पूर्ण बदलते, मग चुकतंय कुठे?

निळूची_ताई

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाच परत परत विचारावं लागेल म्हणून सगळं लिहून टाकते.

पाच आठवड्यांपूर्वी एक नर बेट्टा आणला, हाफमून म्हणजे अर्धगोल शेपटीचा, गडद निळा आणि परांच्या कडेला लालसर झाक. नाव निळू. ४ लिटरचा गोल काचेचा बाऊल आहे, तळाला रंगीत खडे आणि एक प्लास्टिकचं झाड. फिल्टर नाही, हीटर नाही, कारण घेतानाच सांगितलं गेलं की हा मासा वरची हवा घेतो, याला काहीच लागत नाही, कपातसुद्धा राहतो.

पाणी मी दर तीन दिवसांनी पूर्ण बदलते. त्याला जाळीने कपात काढते, खडे आणि झाड गरम पाण्याने घासून घासून धुते, बाऊल पुसते आणि रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी भरते. म्हणजे स्वच्छतेत कुठेच कमी नाही हो. खायला सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच पेलेट (तयार खाण्याचे दाणे), सुरवातीला तर बोट दाखवलं की उसळी मारून यायचा.

आता गेले दहाबारा दिवस शेपटीची कड फाटक्या कापडासारखी दिसायला लागलीये. आधी वाटलं झाडाला अडकली असेल. पण रोज थोडी थोडी कमी होतेय आणि कडेला काळपट रेघ आहे. दिवसभर तळाला खड्यांवर टेकून बसतो, मध्येच सरळ वर जातो, तोंड बाहेर काढून एक घोट घेतो आणि परत खाली येऊन बसतो. पर मिटलेले असतात. कालपासून पेलेट तोंडात घेऊन थुंकून टाकतोय.

मला फार वाईट वाटतंय. मी आणखी काय करू? पाणी रोज पूर्ण बदलू का?

पाणथळ

ताई, आधी एक गोष्ट, रोज पूर्ण बदलू नका. आणि स्वतःला दोष देऊ नका, तुम्हाला जे सांगितलं तेच तुम्ही मनापासून केलंत, सांगितलेलंच अर्धवट होतं.

आता शेपटीचं. परांना इजा तीन प्रकारे होते आणि तिन्ही वेगळ्या दिसतात. कशाला अडकून फाटली तर सरळ चीर पडते, एका रात्रीत दिसते आणि मग तेवढीच राहते. स्वतः चावली (हाफमूनमध्ये ही सवय बऱ्याच जणांना लागते, एवढी जड शेपटी ओढून वैतागतात) तर अर्धगोल घास घेतल्यासारखा तुकडा गायब असतो. आणि तुम्ही लिहिलंय तसं, कड वेडीवाकडी, काळपट किंवा लालसर रेघ, रोज थोडं थोडं मागे सरकत जाणं, तो फिन रॉट, म्हणजे पर कुजणं. बॅक्टेरियाचं काम. पण ते बॅक्टेरिया बहुतेक पाण्यात असतातच, धडधाकट माशाला काही करू शकत नाहीत. मासा दमलेला असला की शिरकाव करतात. म्हणून रोग शेपटीला दिसत असला तरी शोधायचा पाण्यात.

तुमचं पाणी दिसायला स्वच्छ आहे यात शंका नाही. अमोनिया डोळ्याला दिसत नाही. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. मुरलेल्या टँकमध्ये एक प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट थोडं असलं तर मासा सहन करतो. हे चांगले बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये चिकटून राहतात. तुम्ही दर तीन दिवसांनी तेच गरम पाण्याने घासून काढताय. म्हणजे पाच आठवडे झाले तरी बाऊल रोज पहिल्या दिवसावरच आहे. तीन दिवस अमोनिया चढतो, मग एकदम सगळं पाणी नवं, तापमान नवं, पीएच नवा, वरून जाळीने उचलाउचल. त्याला एक दिवस स्थिर मिळत नाहीये.

आणखी एक. रात्रभर पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला नळाच्या पाण्यात घालतात ते दुसरं रसायन) असेल तर ते तसं उडत नाही. त्याला डिक्लोरिनेटरच लागतं, म्हणजे ही रसायनं निकामी करणारं औषध.

एवढं करा: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारी ड्रॉप्सवाली किट मिळवा, पट्ट्यांपेक्षा ड्रॉप्सचा भरवसा जास्त. एक साधा थर्मामीटर पाण्यात सोडा. पुढची सफाई करायच्या आधी, म्हणजे तिसऱ्या दिवसाचं पाणी मोजा आणि आकडे इथे टाका. शिवाय पांढरा कागद बाऊलच्या मागे धरून शेपटीचा फोटो काढून ठेवा, रोज त्याच जागेवरून. वाढतंय की थांबलंय हे नजरेला कळत नाही, फोटोत कळतं.

रंगीत_पर

फिन रॉट आहे तर सरळ मिथिलीन ब्लू (माशांचं निळं जंतुनाशक औषध) टाका, दोन दिवसांत फरक. सोबत अँटिबायोटिक पण चालू करा, वेळ घालवू नका, शेपटी संपून अंगाला लागलं की मासा हातचा जातो. माझ्याकडे दोनदा असंच बरं केलंय.

स्पंजवाला

वरच्या सल्ल्याबद्दल थोडं बोलतो, राग मानू नका. अंगाला लागलं की जीव जाऊ शकतो हे बरोबर आहे, पण ताईंच्या वर्णनात अजून कडेवरच आहे. अशा अवस्थेत ४ लिटरच्या, अमोनियाने भरलेल्या पाण्यात दोन औषधं एकत्र टाकली तर त्या जिवावर तिसरा भार पडतो. मिथिलीन ब्लू चांगले बॅक्टेरियासुद्धा मारतं, त्यामुळे ते मुख्य टँकमध्ये कधीच टाकायचं नसतं, वेगळ्या भांड्यात वापरायचं. अँटिबायोटिकचं पण असंच, कुठला बॅक्टेरिया आहे माहीत नसताना अंदाजाने, अर्धा डोस, मध्येच बंद, यातून पुढच्या वेळी ते औषध लागूच पडत नाही.

औषध कधी? पाणी ठीक करून आठवडाभर झाला तरी झीज पुढे सरकतेय, किंवा शेपटीच्या मुळापर्यंत लाली आली, किंवा अंगावर कापसासारखा पांढरा थर दिसला, तर. तो कापूस दिसला तर मात्र थांबायचं नाही. कॉलमनॅरिस हा बॅक्टेरियाचा रोग असू शकतो, तो फार झपाट्याने पसरतो आणि गरम पाण्यात तर आणखी जोरात, तेव्हा एका दिवसाचा पण उशीर नको. जमलं तर मासे बघणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

ताई, एक तपासणी आत्ताच करता येईल. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका त्याच्या अंगावर मारा. सोनेरी किंवा गंजाच्या रंगाची बारीक पूड शिंपडल्यासारखी दिसते का? दिसली तर ते व्हेल्व्हेट, तो परजीवी, उपचार पूर्ण वेगळे. साखरेच्या दाण्यासारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर इक, तोही परजीवीच. आणि वरून बघताना खवले पाइनच्या बोंडासारखे उभे राहिलेत का ते पण बघा, तसं नसू दे.

निळूची_ताई

खूप खूप धन्यवाद, रात्री जागून सगळं वाचलं.

टॉर्च मारून बघितलं, पूड नाही, ठिपके नाहीत, खवले सपाट आहेत. कापूस नाही.

किट आली. तिसऱ्या दिवसाचं पाणी, नळीत थेंब टाकले आणि पाच मिनिटं बघत बसले, पिवळं राहील असं वाटत होतं आणि ते हिरवं, मग गडद हिरवं होत गेलं. अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम). नायट्राइट ०, नायट्रेट ०. पीएच ७.८. सकाळचं तापमान २१ अंश, दुपारी २५. मला वाटलं नायट्राइट आणि नायट्रेट शून्य म्हणजे चांगलं, पण तुमचं वाचल्यावर कळलं की बॅक्टेरियाच नाहीत म्हणून ते शून्य आहेत. बरोबर ना?

मी २५ लिटरची चौकोनी टँक घ्यायची ठरवलीये. ती येईपर्यंत आज रात्री काय करू? आणि टँक आली की त्याला लगेच सोडायचं का, की महिनाभर टँक तशीच चालवायची?

पाणथळ

अगदी बरोबर ओळखलंत. अमोनिया आहे आणि पुढचं काहीच नाही, म्हणजे साखळी सुरूच झालेली नाही.

२ पीपीएम आणि पीएच ७.८ हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एक जहाल, दुसरं बरंच सौम्य. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला १ टक्क्याहून कमी भाग जहाल असतो, पीएच ८ ला तोच साधारण ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे तोच २ चा आकडा तुमच्या पाण्यात कितीतरी जास्त बोचतो. तळाला टेकून बसणं, पर मिटणं, खाणं थुंकणं, हे सगळं यात बसतं. तापमान दिवसात चार अंश वरखाली होतंय त्याची भर वेगळी. बेट्टाला २५ ते २७ च्या आसपास स्थिर हवं.

आज रात्री: त्याला बाऊलमधून काढू नका. निम्मं पाणी कपाने हळूच काढा, तेवढंच डिक्लोरिनेटर घातलेलं, त्याच तापमानाचं पाणी बारीक धारेने काचेच्या कडेवरून सोडा. खडे धुवायचे नाहीत. आज उद्या खायला काहीही नको, दोन दिवस उपाशी राहिल्याने बेट्टाला काही होत नाही, उलट अमोनिया कमी तयार होतो. टँक येईपर्यंत रोज असंच निम्मं.

टँक आली की महिनाभर रिकामी चालवणं हाच चांगला मार्ग असतो, मासा घरात नसेल तेव्हा. तुमचा मासा आत्ता ४ लिटरमध्ये भोगतोय, त्यामुळे त्याला २५ लिटरमध्ये आणून त्याच्यासकट सायकल करायची, म्हणजे तो आत असतानाच चांगले बॅक्टेरिया वाढवायचे. कष्टाचं आहे पण होतं. स्पंज फिल्टर लावा, एअर पंपाच्या नळीला व्हॉल्व्ह बसवा म्हणजे बुडबुडे अगदी कमी ठेवता येतील. हीटर २५ वॅटचा थर्मोस्टॅटवाला पुरे. ओळखीत कुणाची रोग नसलेली, जुनी चालू टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ओला ओलाच आणून तुमच्या फिल्टरला बांधा, यासारखी दुसरी मदत नाही. आठवडे वाचतात. तो तुकडा नळाखाली धरायचा नाही, वाळू द्यायचा नाही.

सोडताना घाई नको. त्याचा कप नव्या पाण्यात १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी थोडं थोडं टँकचं पाणी कपात घाला, अर्ध्या तासाने अलगद सोडा. पहिल्या आठवड्यात पाण्याची उंची कमीच ठेवा, वीतभर, दुखऱ्या शेपटीने त्याला प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापर्यंत यावं लागतं ना. पण हीटर त्यावरच्या खुणेपर्यंत बुडलेला हवा, नसेल बुडत तर आडवा लावा, कुठला आडवा चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात असतं.

रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हींची बेरीज ०.५ च्या वर गेली की २५-३० टक्के पाणी बदला, गेली नाही तर त्याला त्रास देऊ नका. हे चार ते सहा आठवडे चालेल.

लांबशेपट्या

मी सहा वर्षांपासून फक्त बेट्टाच पाळतोय. टँक घेताय तर पाण्याबाहेरच्या दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो.

पहिली झाकण. माझा एक प्लाकाट (आखूड शेपटीचा बेट्टा) होता, तांब्यासारखा रंग, हाताला येऊन टेकायचा. फिल्टरच्या नळीसाठी झाकणात दोन बोटं फट ठेवली होती. सकाळी उठलो तर टँक रिकामी. कपाटामागे सापडला, कडक झालेला. दोन बोटांची फट. तेव्हापासून नळीभोवती स्पंज कोंबून फट बुजवतो. निसर्गात हे मासे उथळ पाण्यात राहतात, डबकं आटलं किंवा दुसऱ्या नराने हाकललं की उडी मारणं हा त्यांचा रिवाजच आहे. झाकण पूर्ण पाण्याला टेकवू नका मात्र, वर चार बोटं हवा हवीच. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, तोंडाने घेतलेली हवा तिथे जाते, आणि पृष्ठभाग अडवला तर बेट्टा गुदमरू शकतो. झाकणामुळे ती वरची हवा पण उबदार आणि दमट राहते.

याच अवयवामुळे "कपात राहतो" ही समजूत पसरली. हवा वरून घेतो म्हणून तो कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरतो, एवढंच. अमोनियापासून लॅबिरिंथ त्याला वाचवत नाही. थायलंडच्या मध्य भागातली भातखाचरं, कालवे, पाणथळ जागा हे त्याचं मूळ घर. तिथलं पाणी उथळ असतं, पण पसरलेलं असतं, गवत आणि पानांनी भरलेलं. लोक उथळपणा लक्षात ठेवतात आणि पसरलेपणा विसरतात. बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव १९१० मध्ये रीगन या शास्त्रज्ञाने दिलं, पण तिथले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून हा मासा पाळत आणि झुंजवत होते, आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. प्लाकाट हा शब्द थाईच, अर्थ चावणारा मासा. रानातला नर आखूड शेपटीचा आणि मातकट असतो. ही निळूसारखी १८० अंश उघडणारी शेपटी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून काढली, आणि ती ओढत पोहायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

म्हणून दुसरी गोष्ट, प्रवाह. टँकमध्ये पान किंवा खाण्याचा दाणा सोडून बघा. तो भिरभिरत पळाला तर प्रवाह जास्त आहे. आणि मधूनमधून टेकायला जागा द्या. पृष्ठभागाच्या खाली दोन बोटांवर रुंद पान असलं की तो त्यावर अक्षरशः आडवा होऊन पडतो, नाक वर काढलं की श्वास मिळतो. अनुबियास लावा, जावा फर्न लावा, दोन्हींचं जाड खोड मातीत पुरायचं नाही, नाहीतर कुजतं, दगडाला दोऱ्याने बांधायचं. कमी उजेडात पण जगतात. ते प्लास्टिकचं झाड काढूनच टाका, त्यावरून एक पातळ नायलॉनचा मोजा फिरवून बघा, मोजा अडकला तर परही अडकणार.

शेवाळप्रेमी

वाळलेलं बदामाचं पान पण टाका ताई. खायच्या बदामाचं नाही, ते मोठ्या रुंद पानांचं, छत्रीसारख्या फांद्यांचं झाड असतं ना, पानं गळायच्या आधी लाल होतात, ते. आपोआप गळलेलं, पूर्ण तपकिरी, फवारणी नसलेल्या झाडाचं, स्वच्छ धुऊन एक पान २५ लिटरला पुरे. पाणी फिक्या चहासारखं होतं, घाबरू नका, तसंच हवं असतं. बॅक्टेरियाला थोडी खीळ बसते आणि मासा शांत राहतो. फिन रॉटवर हा इलाज नाही हे पण सांगते, मदत आहे फक्त.

निळूची_ताई

नऊ दिवस झाले, सांगायला आलेय.

टँक लागली. ओळखीतल्या एकांनी त्यांच्या जुन्या फिल्टरचा स्पंज कापून दिला, पिशवीत टँकचंच पाणी घालून आणला. तापमान २६ वर आहे, सकाळ संध्याकाळ तेच. सोडल्यावर पहिले दोन तास कोपऱ्यात होता, मग हळूहळू काचेच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारली. मी तर बघतच बसले, इतके दिवस तो पोहतच नव्हता हे मला आत्ता कळलं, बाऊलमध्ये तो फक्त वळत होता.

फोटो शेजारी ठेवून बघितले, चौथ्या दिवसापासून शेपटी तेवढीच आहे. काळी रेघ फिकट झालीये.

पण आता दोन काळज्या. एक, अमोनिया ०.२५ वर आला पण नायट्राइट, जो शून्य होता, तो ०.५ झालाय. परत बिघडतंय का? दुसरी, तिसऱ्या दिवशी त्याने भूक दाखवली म्हणून मी आनंदाच्या भरात सहा-सात पेलेट दिले, दोन दिवस तसंच, आता पोट फुगलंय आणि किंचित कलंडून पोहतोय. वाटाणा सोलून द्या असं एका ठिकाणी वाचलं. देऊ?

पाणथळ

नायट्राइट दिसला ही चांगली बातमी आहे, पहिली फळी कामाला लागली. दुसरी फळी उशिराच येते. पण नायट्राइट रक्तात जाऊन प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटवतो, म्हणून आज ३० टक्के बदला, उद्या परत मोजा. टँकमध्ये दर लिटरला १ ग्रॅम एवढं साधं, आयोडीन आणि इतर काही न मिसळलेलं मीठ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून घालू शकता. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत घालायचं, मीठ उडून जात नाही. अनुबियास, जावा फर्न एवढं सहन करतात.

हीटर पाणी बदलायच्या आधी बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग पाणी उपसा. तापलेली काच उघडी पडली की तडकते.

स्पंजवाला

पोटाबद्दल. वाटाणा नको. बेट्टा मुळात किडे खाणारा मासा, डासाच्या अळ्या, पाण्यातले बारीक कीटक यांवर त्याचं पोट बनलंय. वाटाणा त्याला नीट पचत नाही, तो सल्ला मूळ गोल्डफिशसाठीचा. दोन दिवस कडकडीत उपास. तिसऱ्या दिवशी गोठवलेला डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचाचा जीव) मिळाला तर वितळवून चारपाच दाणे, त्याच्या कवचाने पोट साफ व्हायला मदत होते.

त्याच्या पोटाचा आकार साधारण त्याच्या डोळ्याएवढा धरतात. मग विचार करा, सहा-सात पेलेट, तेही पाण्यात फुगणारे. पेलेटच्या आकारावर आहे पण दोन ते तीन सकाळी, तेवढेच संध्याकाळी, आणि आठवड्यातून एक दिवस काही नाही. तो तुमच्याकडे बघून नाचेल, काचेला नाक लावेल, बेट्टा नेहमीच भुकेला दिसतो, त्याला भुलू नका. एकेक दाणा द्या, गिळला की पुढचा. उरला तर लगेच उचला.

रंगीत_पर

माझा सल्ला मागे घेतो ताई, औषधाशिवाय थांबलंय हे बघून बरं वाटलं. मी दोन्ही वेळी औषधासोबत पाणी पण बदललं होतं, श्रेय कुणाला द्यायचं ते आता लक्षात येतंय.

एक विचारतो सगळ्यांना, माझा सध्याचा नर रोज पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं करतो, म्हणजे तो खूश आहे असं समजायचं का?

लांबशेपट्या

घरटं म्हणजे अंडी सांभाळायची तयारी. नर वयात आला की करतो, मादी असो नसो. मी अमोनिया चढलेल्या भांड्यात पण घरटी बघितलीत आणि अगदी उत्तम टँकमध्ये कधीच न करणारे नर पण. त्यामुळे घरट्यावरून पाण्याची परीक्षा करू नका. मला विचाराल तर परांवर लक्ष ठेवा, उघडे आहेत का, आणि तुम्ही खोलीत आलात की तो दखल घेतो का.

आणि घरट्याखाली मादी सोडून बघू असं मनात आलं तर वेगळी टँक, पिलांची सोय, सगळं तयार असल्याशिवाय नको. अंडी पडली की नर मादीला हाकलतो, वेळेवर काढली नाही तर मारतो.

निळूची_ताई

सात आठवड्यांनी येतेय. मध्ये रोज यायचं मनात असायचं पण रोज मोजणं, लिहून ठेवणं यातच संध्याकाळ जायची.

नायट्राइट एकदा १ पर्यंत गेला होता, तीन दिवस सलग पाणी बदललं. मग एक दिवस दोन्ही शून्य. मला खरं वाटेना, परत मोजलं, परत शून्य. नायट्रेट १०. गेले अडीच आठवडे तसंच आहे. आता आठवड्यातून एकदा २५ टक्के बदलते, मीठ हळूहळू निघून गेलं, आणि फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळते, नळाखाली अजिबात नाही.

आणि शेपटी. जुन्या निळ्या कडेच्या पुढे एक पारदर्शक झालर आलीये, इतकी पातळ की समोरून दिसत नाही, तो वळला आणि उजेड मागून आला की दिसते, पातळ पॉलिथिनच्या कागदासारखी. मी घाबरून परत झीज सुरू झाली असं समजले होते, मग जुने फोटो काढून बघितले तर ती कडेच्या बाहेर आहे, आत नाही. म्हणजे नवीन वाढ ना? मुळाशी तर त्यात निळा रंग उतरायला लागलाय, रेघांरेघांनी.

दुपारी तो अनुबियासच्या पानावर आडवा पडून असतो, लांबशेपट्या दादांनी लिहिलं होतं तस्संच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळजाचा ठोका चुकला होता.

एकच विचारायचंय. काचेवर तपकिरी शेवाळ धरतंय, एक नेराइट गोगलगाय सोडली तर चालेल का? निळू त्रास देईल का तिला?

पाणथळ

हो ताई, नवीन वाढच. पारदर्शक, गुळगुळीत कड म्हणजे पर भरून येतोय, काळी किंवा लाल कड म्हणजे झीज. मूळ रंग पूर्ण उतरायला अजून काही महिने लागतील, छटा थोडी बदलली तरी काळजी नको. वाचून फार बरं वाटलं.

नेराइट चालेल, तुमचा पीएच तिला मानवेल, कवच टिकायला असंच पाणी लागतं. दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मग सोडा. पहिला दिवस लक्ष ठेवा, काही बेट्टा तिच्या मिशा चावतात, निळू तसा निघाला तर तिला दुसरीकडे हलवावं लागेल. आणि टँकमध्ये गोगलगाय असताना तांबं असलेलं कुठलंही औषध टाकायचं नाही, ती मरते.

तपकिरी शेवाळ नव्या टँकला येतंच, बहुतेक दोनतीन महिन्यांत आपोआप कमी होईल, तोवर बोटाने पुसलं तरी निघतं.

निळूची_ताई

मग आधी बोटानेच पुसून बघते, दोन महिने थांबते. त्याच्या घरात आत्ता कुठे शांतता आलीये.